वाळूजचे जोडसर्व्हर

औरंगाबादच्या चिकलठाणा एमआयडीसीत १९९०च्या दशकात ज्या खोलीला 'ईडीपी' म्हणत, तिथली सगळ्यात महागडी वस्तू कॉम्प्युटर असायची, पण सगळ्यात जास्त चाकरी बॅटऱ्यांची करावी लागायची. ईडीपी म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग. पगारपत्रक, स्टोअरचा साठा, डिस्पॅचची चलनं यांचा हिशेब ठेवणारं खातं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी अशाच एका खात्यात लागले, तेव्हा पहिलं काम मिळालं ते इलेक्ट्रिशियन काकांच्या बरोबरीनं यूपीएसच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि वहीत प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मांडायचं. कोपऱ्यात सीव्हीटी, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा जड ट्रान्सफॉर्मर, दिवसभर घुमत असे. त्याचा आवाज बदलला की हातातलं सगळं टाकून आम्ही टर्मिनलवरच्या बायांना ओरडून सांगायचो, "आधी सेव्ह करा!"

आज शेंद्र्यापासून वाळूजपर्यंत कुठल्याही बऱ्या कारखान्यात गेलात तर महत्त्वाच्या कामाला एकाऐवजी दोन सर्व्हर जोडून ठेवलेले दिसतात. एक बंद पडला तर दुसरा त्याच क्षणी, त्याच ओळीपासून काम पुढं नेतो. स्क्रीनसमोर बसलेल्या ऑपरेटरला पत्ताही लागत नाही. तंत्र अमेरिकेतलं, पण ते इथं रुजायला जी जमीन लागते ती मराठवाड्याच्या विजेनं तयार करून ठेवली होती. मी या कामात आयुष्य घातलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवावीशी वाटते: यंत्र मोडण्यावर आम्ही इलाज शोधला, आणि त्या इलाजाच्या भरवशावर घरात कुणी शिरू शकतं हे बरीच वर्षं आमच्या धंद्यानं विचारातच घेतलं नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झालं. औरंगाबादेत रेल्वे स्टेशनजवळची आणि चिकलठाण्याची वसाहत आधी उभी राहिली, पण शहराचा कायापालट केला तो वाळूजनं. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं आणि सुटे भाग पुरवणारी लहानमोठी युनिटं भोवती उभी राहत गेली. बड्या कारखान्याला माल रोजच्या रोज लागतो. चलन निघालं नाही तर भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो आणि पलीकडे असेंब्ली लाइनवर माणसं वाट बघत बसतात. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडला की फोन ईडीपीच्या साहेबांना यायच्या आधी प्रॉडक्शन मॅनेजरला यायचा.

बंद पडायचा कधी? मे महिन्याच्या शेवटी वळवाचं वादळ सुटलं की. लाईट जायची, दहा सेकंदांत यायची, परत जायची. यूपीएस सांभाळून घ्यायचा, पण बॅटऱ्या म्हाताऱ्या असतील तर तिसऱ्या झटक्याला सगळं काळं. एससीओ युनिक्सवर चालणारं ते मशीन पुन्हा चालू केलं की डिस्क तपासत बसायचं आणि स्टोअरच्या फायलीचा इंडेक्स फुटलेला निघायचा. मग चलनांच्या कार्बन कॉप्या समोर घेऊन दिवसभराच्या नोंदी परत भरायच्या. भरणाऱ्या बाया वैतागायच्या, पण एक आकडा चुकू द्यायच्या नाहीत.

यावर पहिली सुधारणा आली ती नॉव्हेल नेटवेअर या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरबरोबर. त्यात 'सिस्टिम फॉल्ट टॉलरन्स' नावाची सोय होती: एका सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क, आणि जे एकीवर लिहिलं जाईल ते दुसरीवरही. आम्ही त्याला मिररिंग म्हणायचो. नॉव्हेलनं पुढं १९९३च्या सुमारास दोन पूर्ण सर्व्हर एकमेकांची नक्कल करत चालवायचीही सोय काढली, पण तिचा खर्च आमच्याकडच्या युनिटांना झेपणारा नव्हता. दोन डिस्कांवर आम्ही खूश होतो. एक डिस्क करकरायला लागली की शांतपणे दुसरीवर काम चालू ठेवायचं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवी मागवायची.

मुंबईत त्याच काळात याहून फार मोठं काही घडत होतं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं नोव्हेंबर १९९४मध्ये शेअरची खरेदी-विक्री पडद्यावर सुरू केली. त्यामागे स्ट्रेटस कंपनीचा फॉल्ट टॉलरंट कॉम्प्युटर होता. मार्च १९९५मध्ये मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' यंत्रणा सुरू झाली, ती टँडेमच्या यंत्रांवर. या दोन कंपन्या म्हणजे आमच्या धंद्याचं मूळ घराणं. टँडेम १९७४ साली कॅलिफोर्नियात जिमी ट्रेबिग यांनी काढली आणि १९७६ साली पहिलं 'नॉनस्टॉप' यंत्र सिटीबँकेला दिलं. स्ट्रेटस १९८०ची, मॅसॅच्युसेट्सची. टँडेमनं सॉफ्टवेअर असं रचलं की एक प्रोसेसर गेला तर त्याचं काम दुसरा उचलतो. स्ट्रेटसची रीत वेगळी. एका बोर्डवर दोन प्रोसेसर, दोघांना एकच सूचना एकाच वेळी द्यायची आणि उत्तरं ताडून पाहायची. जुळली नाहीत तर ते बोर्ड स्वतःच बाजूला होतं आणि शेजारचं, तशीच जोडी असलेलं दुसरं बोर्ड न थांबता पुढं जातं. यंत्र मग फोनच्या लाइनवरून कंपनीला कळवतं. बोर्ड बिघडलं हे गिऱ्हाइकाला कळायचं ते नवं बोर्ड कुरिअरनं दारात आल्यावर. मला तेव्हा हे वाचून भरून आलं होतं. आमचं आयुष्य 'आता काय बिघडलं' या भीतीत चाललं होतं आणि जगात कुणीतरी बिघाड गृहीत धरून यंत्र बांधत होतं.

पण ते यंत्र शेअर बाजाराच्या पैशाचं. ते वाळूजपर्यंत यायला आणखी एक कल्पना लागली: एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवायचे. आयबीएमच्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हे १९६०च्या दशकातच केलं होतं आणि १९७२ साली 'व्हीएम/३७०' या नावानं बाजारात आणलं होतं. स्वस्त सर्व्हरवर ती कल्पना आणली व्हीएमवेअरनं. १९९८ साली निघालेली ही कंपनी, तिचा ईएसएक्स सर्व्हर २००१ साली आला. कॉम्प्युटर हाच जर एक मोठी फाइल झाला, तर ती फाइल दोन ठिकाणी जिवंत ठेवता येईल, हे ओघानं आलंच. ब्रेसू आणि श्नायडर या संशोधकांनी १९९५ सालीच एका शोधनिबंधात ते करून दाखवलं होतं. मॅरेथॉन टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीनं साध्या, बाजारात मिळणाऱ्या दोन सर्व्हरांवर हीच जादू सॉफ्टवेअरनं करणारं 'एव्हररन' विकायला सुरुवात केली. २०१२ साली स्ट्रेटसनं ती कंपनी विकत घेतली. व्हीएमवेअरची फॉल्ट टॉलरन्सची सोय २००९ साली आली तेव्हा एका व्हर्च्युअल यंत्राला एकच प्रोसेसर देता यायचा. चार द्यायला २०१५ उजाडलं.

आत काय चालतं ते सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. पहिल्या सर्व्हरवर काम चालू असतं. सेकंदाला कितीतरी वेळा ते क्षणभर थांबवून, मागच्या खेपेपासून मेमरीत जे जे बदललं ते दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतात. दुसऱ्याकडून 'पोचलं' असा निरोप येईपर्यंत पहिल्याचं उत्तर बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणजे बाहेरच्या जगाला जे दिसलं, ते दोघांकडे आहेच याची खात्री. मग पहिला कुठल्याही क्षणी गेला तरी दुसरा त्या शेवटच्या खुणेपासून उभा राहतो. याची किंमत वेगात मोजावी लागते. उत्तर किंचित उशिरा येतं. कारखान्याला ते चालतं.

औषधाच्या कारखान्यांना तर ते हवंच होतं. आमच्या भागातली औषधं अमेरिकेत, युरोपात जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा 'पार्ट ११' हा नियम १९९७ साली लागू झाला आणि कॉम्प्युटरमधली नोंद कागदावरच्या सहीइतकी जबाबदारीची ठरली. एखाद्या बॅचचं तापमान दर काही सेकंदांनी नोंदवलं जात असेल आणि त्या नोंदीत मधली चार मिनिटं कोरी असतील, तर त्या चार मिनिटांत काय झालं हे सिद्ध करता येत नाही. सिद्ध झालं नाही तर माल बाहेर जात नाही. लाखोंचा माल नष्ट करावा लागतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत डिझेल जनरेटर आणि यूपीएस यांच्यामधल्या त्या काही सेकंदांनी कितीजणांची झोप घालवली, हे त्या पाळ्यांवर काम केलेल्यांना विचारा. जोडसर्व्हर इथं आला तो अशा जागी. बॅचच्या नोंदीला भोक पडू नये म्हणून.

एका युनिटात आम्ही जोडी दोन इमारतींत वाटून ठेवली. एक सर्व्हर प्रॉडक्शनच्या इमारतीत, दुसरा युटिलिटीच्या, म्हणजे आग लागली तरी दोन्ही एकदम जाऊ नयेत. मधून जमिनीखालून फायबर. पावसाळ्याआधी नाली खोदायला आलेल्या ठेकेदाराच्या जेसीबीनं ती फायबर मुळासकट उपटली. आता पाहा काय होतं. दोन्ही सर्व्हर धडधाकट आहेत, पण दोघांनाही वाटतं की दुसरा मेला. दोघंही 'आता मीच' म्हणून एकाच बॅचची नोंद आपापल्या परीनं पुढं लिहायला लागले तर दोन खऱ्या नोंदी तयार होतात आणि खरी कुठली हे सांगायला कुणी उरत नाही. या अवस्थेला आमच्याकडे स्प्लिट ब्रेन म्हणतात. मशीन मरण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी वाईट. त्यावर उपाय म्हणून गेटवरच्या टाइम ऑफिसमध्ये, वेगळ्या वायरनं, वेगळ्या विजेवर एक साधा छोटा कॉम्प्युटर पंच म्हणून ठेवला होता. त्याचं काम एवढंच: ताटातूट झाली तर कुणी चालू राहायचं हे ठरवायचं. त्या दिवशी पंचानं प्रॉडक्शनच्या बाजूला कौल दिला, दुसरा गप्प बसला, बॅच पूर्ण झाली. टाइम ऑफिसच्या शिपाई मामांना त्या डब्याचं महत्त्व पटलं ते तेव्हा. त्याआधी त्याच्यावर ते जेवणाचा डबा ठेवायचे.

खणण्यानं तुटणाऱ्या तारा ही छोट्या युनिटांचीच अडचण असते असं कुणी समजू नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४०ला थांबले ते दुपारी ३.४५ला पुन्हा सुरू झाले. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइनी होत्या आणि त्या दोन्ही डळमळल्या. दोन ठिकाणांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम हे त्याचं मुख्य कारण एक्स्चेंजनंच नंतर सांगितलं. कंपन्या दोन असल्या तरी रस्ता एकच असेल तर त्या दोन नसतात. तारेचा मार्ग पायानं चालून पाहिल्याशिवाय आराखड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या पोरांना तेव्हापासून आणखी जोरानं सांगते.

तर जोडी आली, चालली, आणि इतकी नीट चालली की तिला हात लावायची कुणाची छाती होईना. 'अमुक इतके दिवस अखंड चालू' हा आकडा ऑडिटरला अभिमानानं दाखवला जाई. खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. लेथ, बॉयलर, फोर्कलिफ्ट यांच्याबरोबर सर्व्हरच्या रॅकलाही झेंडूचा हार आणि हळदकुंकू. त्या दिवशी बॉयलरची झाकणं उघडून साफसफाई व्हायची, लेथला नवं तेल पडायचं. सर्व्हरला फक्त हार. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तिच्यात जुन्या भोकांवर ठिगळं आहेत, असं सांगितलं की एक जुना ऑपरेटर मला ठरलेलं उत्तर द्यायचा, "म्याडम, चालू हाय ना, मग राहू द्या की."

त्याला मी दोष देत नाही. त्याच्या बोलण्यामागे कारण होतं. औषधाच्या कारखान्यात एक छोटा पॅच टाकायचा तरी चेंज कंट्रोलचा फॉर्म लागतो; बदल काय, कशासाठी, धोका काय, उलटा कसा फिरवणार, हे सगळं लिहून क्यूएची, म्हणजे गुणवत्ता हमी खात्याची, सही घ्यायची. मग इन्स्टॉलेशन, ऑपरेशन, परफॉर्मन्स अशा तपासण्या परत करायच्या आणि त्यांचे कागद फायलीला लावायचे. काही पुरवठादार तर स्पष्ट सांगायचे की आमचं सॉफ्टवेअर ज्या आवृत्तीवर तपासलं आहे ती बदललीत तर जबाबदारी तुमची. अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. अशी वर्षं साठत गेली.

२०१७नं ही झोप उडवली. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये विंडोजमधल्या एका भोकाला ठिगळ दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही त्यांच्या यंत्रांत १२ मेपासून वॉनाक्राय शिरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. २७ जूनला नॉटपेट्या आला. त्यानं मर्स्क ही जगातली बडी जहाज कंपनी लोळवली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. निर्यातीचा माल असलेल्या आमच्या भागातल्या प्रत्येक कारखान्याला त्या आठवड्यात कळलं की हा विषय फक्त ईडीपीचा नाही.

माझ्या मनात त्या दिवसांत एकच विचार होता. दोन सर्व्हर एकमेकांची हुबेहूब नक्कल करतात, हेच तर आपण विकत घेतलं. मग पहिल्यावर खंडणीखोर शिरला तर? दुसरा ती घुसखोरीही तितक्याच इमानानं, त्याच क्षणी उतरवून घेणार. एका फाइलीला कुलूप लागलं की दुसरीलाही लागलं. यंत्रणा पंधरा मिनिटं काय, एक सेकंदही बंद पडणार नाही. ती अखंड चालू राहील आणि आत सगळं उद्ध्वस्त झालेलं असेल. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हाही यंत्रं बंद पडल्यामुळे ते गेले नव्हते. एटीएमच्या विनंत्यांना मंजुरी देणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी चोरांनी खोटा उभा केला होता आणि तो पैसे काढायच्या खोट्या विनंत्यांना निमूट 'हो' म्हणत होता.

आणि धोका फक्त आतल्या विंडोजला नव्हता. ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात आम्ही सगळे कॉम्प्युटर ठेवले होते, त्यालाही भोकं होती. मे २०१५मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष जाहीर झाला. तो होता क्यूईएमयू या व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत. फ्लॉपी जगातून केव्हाच गेली होती, पण तिची नक्कल करणारा तुकडा कुणी काढला नव्हता, आणि त्यातून एका व्हर्च्युअल यंत्रातला चोर भिंत फोडून खालच्या मूळ यंत्रात उतरू शकत होता. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष थेट प्रोसेसरमध्येच निघाले. फेब्रुवारी २०२३मध्ये तर व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय सर्व्हरांवरच खंडणीचा हल्ला झाला आणि जगभरातले हजारो सर्व्हर सापडले. ज्या भोकातून तो झाला असं सांगितलं गेलं, त्याचं ठिगळ फेब्रुवारी २०२१पासून उपलब्ध होतं. दोन वर्षं! ही बातमी वाचली तेव्हा तो 'राहू द्या की' माझ्या कानात घुमला.

म्हणून आता आम्ही अपग्रेड करतो, आणि ते कसं करतो हे सांगताना मला खरंच अभिमान वाटतो, कारण जोडीचा खरा उपयोग तिथं होतो. आठवडाभर आधी बॅकअप घेतो. नुसता घेत नाही, एका वेगळ्या यंत्रावर तो उघडून जुन्या एखाद्या बॅचचा रिपोर्ट छापून पाहतो. मग तो बॅकअप जोडीपासून तोडून, तार काढून, कपाटात. बॅच संपल्यावर प्रॉडक्शन इन्चार्जकडून लेखी परवानगी घ्यायची. सगळी व्हर्च्युअल यंत्रं पहिल्या सर्व्हरवर आणायची आणि दुसऱ्याला मेंटेनन्सला काढायचं. इथून पुढची वेळ एकटेपणाची. पहिला गेला तर मागं कुणी नाही. दुसऱ्याच्या डिस्कवर जे आहे ते क्षणाक्षणाला शिळं होत चाललेलं असतं. खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, एसीच्या बटणालाही हात लावू देत नाही.

दुसऱ्यावर आधी फर्मवेअर, मग मूळ प्लॅटफॉर्म. तो परत चालू होताना मेमरी तपासत बराच वेळ घेतो आणि नवा माणूस घाबरून रीसेट दाबायला निघतो. त्याचा हात धरावा लागतो. चालू झाला की डिस्कांची जुळवाजुळव सुरू होते. एक गिगाबिटच्या तारेवरून एक टेराबाइट जायला पूर्ण वेगातही दोन तासांहून जास्त लागतात, आणि पूर्ण वेग कधी मिळत नाही. टक्के मोजत, चहा घेत बसायचं. शंभर टक्के जुळल्यावर सगळी यंत्रं न थांबवता दुसऱ्यावर न्यायची, आणि आता पहिल्याचं तेच सगळं. मधे नव्या आवृत्तीनं दगा दिलाच तर जुनी आवृत्ती अजून पहिल्यावर शाबूत असते. परतीची वाट तोवर उघडी ठेवायची. पहाटे दोन्ही जुळले की शेवटची परीक्षा. एक माणूस स्काडाच्या, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पडद्यापुढे बसतो, तापमानाची हिरवी रेघ बघत. दुसरा रॅकमागे जाऊन चालू सर्व्हरच्या दोन्ही पॉवर कॉर्ड उपटतो. रेघ तुटता कामा नये. ती न तुटता पुढं सरकताना पाहणं, याचं समाधान माझ्या मते कुठल्याही नोकरीत मिळणार नाही.

कुलपं लावायचं काम याहून कंटाळवाणं आणि त्याहून जास्त गरजेचं. रॅकच्या मागच्या बाजूला प्रत्येक सर्व्हरला एक छोटं मॅनेजमेंट पोर्ट असतं. सर्व्हर बंद असला तरी ते जागं असतं आणि त्यातून यंत्र चालू-बंद करता येतं, नवी सिस्टिमही टाकता येते. त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवलेला, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. एका ठिकाणी तेच पोर्ट सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या स्विचला जोडलेलं होतं. एका पुरवठादाराचा इंजिनीअर तर वसाहतीतल्या त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातं ठेवून गेला होता; तो नोकरी सोडून गेला तरी खाती तशीच. अशी खाती बंद करायची, दोन सर्व्हरांमधली तार बाकीच्या नेटवर्कपासून वेगळी ठेवायची, प्लॅटफॉर्मचं दार फक्त एका ठरलेल्या कॉम्प्युटरवरून उघडेल असं करायचं, बाहेरून येणाऱ्या दुरुस्तीवाल्याला तेवढ्यापुरतीच वाट द्यायची. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या आदेशानं आम्हाला मोठा आधार दिला. घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत कळवायचं, १८० दिवसांचे लॉग जपायचे, सगळ्या यंत्रांची घड्याळं ठरलेल्या वेळेशी जुळवायची. आधी हे सगळं 'मॅडमचा हट्ट' होता, आता त्याला कागद आहे. घड्याळाचं तर मी कायमच सांगत आले. दोन सर्व्हरांच्या वेळेत चार मिनिटांचा फरक असेल तर चोर आधी कुठं शिरला हे कधीच शोधता येत नाही.

सप्टेंबर २०१९मध्ये शेंद्र्याला ऑरिक सिटी या नव्या औद्योगिक नगरीचं उद्घाटन झालं. तिथं आणि बिडकीनला येणारे कारखाने पहिल्या दिवसापासून अपग्रेडची वेळ वर्षाच्या वेळापत्रकात धरून चालतात. जुन्यांना धक्का दिला तो बाजारानं. जून २०२४च्या अखेरीस सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली, नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉम कंपनीकडे गेली आणि एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची सोय गेली. त्यामुळे कित्येक युनिटांना प्लॅटफॉर्म बदलायचा की ठेवायचा, हे ठरवणं भाग पडलं. मला हे बरंच झालं असं वाटतं. पैशाच्या निमित्तानं का होईना, कपाटं उघडली गेली.

एक दुखणं मात्र अजून आहे. वाळूजच्या एका युनिटात गोळ्या दाबायच्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. मशीन बनवणारी परदेशी कंपनी आता अस्तित्वात नाही. मशीन स्वतः मात्र ठणठणीत आहे आणि ते भंगारात काढायचं कारण नाही. त्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क मरायच्या आत आम्ही तो जसाच्या तसा व्हर्च्युअल करून जोडसर्व्हरवर घेतला. त्याच्यापुढं फायरवॉल आहे, त्याला मशीनशी बोलायला एकच पोर्ट उघडं आहे, यूएसबी बंद, इंटरनेट बंद, आणि रोज रात्री त्याची एक प्रत जोडीबाहेर जाते. यंदाच्या दिवाळीच्या शटडाउनमध्ये त्याच्या खालचा प्लॅटफॉर्म बदलायचा आहे. चेंज कंट्रोलचा फॉर्म भरून झाला आहे. क्यूएच्या मॅडमनी त्यात परतीच्या वाटेबद्दल दोन प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं लिहून झाली की सही होईल.